काजळ लावलेली अंडी

नागाक्का मेहकरला, माहेरी वारल्या. निरोप आला तेव्हा मी हळ्ळीखेडच्या आमच्या अंगणात कोंबड्यांना ज्वारी टाकत होते. हातातली मूठ संपवली, मग आत जाऊन सांगितलं. रडू आलं नाही. महिना होत आला, अजून आलेलं नाही.

त्या माझ्या थोरल्या जाऊ. बिदरच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या मुलखाला निघाल्या, तेव्हा त्यांनी एक कोंबडा आणि दोन कोंबड्या अक्कांच्या हवाली केल्या. अंडी आभाळासारखी निळी. गल्लीतल्या एका म्हातारीनं रंग दिलाय म्हणून पदरानं घासून पाहिलं होतं. मी परत येईन, जात तेवढी शुद्ध ठेवा, असं बाई सांगून गेल्या आणि अक्कांनी शब्द दिला. पण त्यांची पिलं आमच्या उन्हात फारशी टिकायची नाहीत. त्यातली एक कोंबडी निसटून आमच्या मुंड्या, बिनपिसांच्या मानेच्या गावठी कोंबड्यांत मिसळली, तिच्या पिलांच्या कोंबड्या झाल्या त्या मी सांभाळल्या. त्या धडधाकट, अंडी हिरवट निळी. रंग तर राहतोय ना, मी म्हणायचे. अक्का म्हणायच्या, "रंगाचा शब्द न्हाई दिला मी. जातीचा दिला."

मग एका उन्हाळ्यात मानमोडी आली, कोंबड्या माना टाकून मरायची साथ. शुद्धातलं एकही पाखरू उरलं नाही, टोपलीतली थोडी अंडी तेवढी उरली. माझ्या दोन-तीन कोंबड्या वाचल्या. अंडी उबवायला बसणारी खुडूक कोंबडी गल्लीत एकच... तिच्याखाली अंडी बसवायची कुणाची? अक्कांनी आपल्या अंड्यांना ओळखीला काजळाचं बोट लावून तिच्याखाली ठेवली आणि शेताला गेल्या. मी ती काढली. माझ्या अंड्यांना तसंच काजळ लावून तिथे ठेवली. काढलेल्यांचं कालवण केलं आणि संध्याकाळी अक्कांच्या ताटात वाढलं.

माझा मुलगा अशक्त होता, वैद्यानं अंडी सांगितली होती आणि रोज अंडी द्यायला माझ्याच कोंबड्या टिकणार होत्या, हे कारण मी स्वतःला देत आले. ते खोटं नाही. पण त्या घरात माझं एकदाही चाललं नव्हतं. एकदा चालवून बघायचं होतं.

काही दिवसांनी कोंबड्यांनीच उकिरडा उकरून टरफलं वर काढली. निळी, काजळासकट. अक्कांनी ती पाहिली. मग चुलीपाशी येऊन बसल्या.

"मलाच खाऊ घातलीस व्हय गं, गंगे?"

मी भाकरी थापत राहिले.

"बाई आल्या तर काय सांगू?"

एवढंच. खुडूक कोंबडीला त्यांनी उठवलं नाही. पिलं निघाली, तीही त्यांनीच वाढवली. बाई कधी आल्या नाहीत, पण रस्त्यावर मोटार वाजली की अक्का हातातलं काम टाकून आत जायच्या. ही शुद्ध जात का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मिसळ हाय. माझ्याच हातनं झाली." त्यावर थोरले भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, चारचौघांत हसायचे. हिच्या शब्दाला अंड्याएवढंबी टरफल न्हाई, म्हणायचे. वर्षानुवर्षं म्हणायचे. मी तिथेच असायचे.

परवा भालकीचा एक माणूस जोडी मागायला आला. त्यानंही तेच विचारलं. भावजी ओसरीवर पान लावत होते.

"मिसळ आहे," मी म्हणाले. "अक्कांनी नाही केली. मी केली." आणि सगळं सांगितलं, कालवणासकट.

भावजींनी विचारलं,

"तिला ठाव होतं?"

"व्हय."

त्यांनी चुना लावलेलं पान तसंच डब्यात ठेवलं. पाहुण्याला जोडी हवीच होती. मी कोंबड्या धरायला उठले, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिच्या कोंबड्या द्यायच्या न्हाईत."