वहिनी बसल्या

शिवाजी पेठेत "वहिनी बसल्या" म्हटलं की लोक तिरडीचं सामान आणायला निघायचे. खोटं सांगत नाही. वहिनी म्हणजे कॉलेजात फुटबॉल शिकवणाऱ्या विजयसिंह सरांची बायको, संयोगिता. आणि बसायची म्हणजे, ज्याच्या उशाशी बसायला कुणी नाही अशा मरणाऱ्या माणसाजवळ.

सुरुवात सरांमुळंच झाली. संघ गोव्याला खेळायला गेला आणि इकडं एका खेळाडूची आई, तानाबाई, शेवटच्या घटका मोजू लागली. पोरगा परत येईपर्यंत कुणीतरी पाहिजे म्हणून संयोगिता गेली. ओठांना कापसानं पाणी लावलं, केस विंचरले, हात हातात घेतला. म्हातारी तो हात न सोडताच गेली. तेव्हापासून चौदा वर्षांत बावन्न माणसं. कुणाच्यात कधी चहासुद्धा घेतला नाही बाईनं.

पण पेठेची जीभ! डॉक्टरांनी हात टेकल्यावरच तिला बोलवायचे, मग माणूस जाणारच की. तरी नाव हिचं. अहो, आभाळ भरून आलं म्हणून माणूस छत्री घेतो. छत्रीमुळं पाऊस येतो होय? आजारी म्हातारीला बघायला गेली, तर गल्लीतल्या जोतीरामनं तिला उंबऱ्यातच अडवलं, "वहिनी, आत यिऊ नगासा. आई बरी हाय माझी." ती तशीच माघारी फिरली. घरी येऊन रडली, तर सर हसले. हसायला काय जातंय! मैदानावर पोरांना सांगायचा विनोद मुळात त्यांचाच होता, "आमची मंडळी बसली की शेवटची शिट्टी."

गेल्या उन्हाळ्यात सरांच्या पोटात गाठ निघाली. उपचार थकले, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. संयोगितानं सवयीनं पलंगाशेजारी खुर्ची ओढली, तसे सर ओरडले, "बसू नकोस!"

वाघासारखा माणूस, स्वतःच्याच विनोदाला भ्यायला. संयोगितानं खुर्ची मागं सरकवली. त्यांच्या खोलीत असेपर्यंत उभी राहायची. नऊ दिवस. पेज भरवायची उभ्यानं, अंग पुसायची उभ्यानं. पाय सुजून टम्म झाले. शेजारची पूर्णिमा स्टूल घेऊन आली, "वहिनी, येड लागलंय काय? टेका की जरा." तिनं स्टूल दाराबाहेर ठेवलं. मनात मात्र म्हणत होती, एकदा बसू दे रे देवा, हात धरू दे. साऱ्या गावाचा धरला, यांचाच तेवढा राहतोय.

दहाव्या दिवशी दुपारी सरांनी डोळे उघडले. मोठ्या कष्टानं पलीकडं सरकून तिच्यापुरती जागा केली. "संयू, पाय दुखत असतील. बस की."

काय झालं तिला कुणास ठाऊक. जिनं या खुळचट समजुतीला जन्मभर शिव्या घातल्या, तीच तिला भ्यायली. आपण बसलो तर हा माणूस जाणार, हे तिला त्या क्षणी पटलं.

"मी उभीच बरी हाय," ती म्हणाली.

"बस गं."

"न्हाई म्हटलं न्हवं!"

ती मागं सरली, भिंतीला टेकली. सरांचा हात त्या मोकळ्या जागेवर तसाच उघडा पडून राहिला. चार वाजता सर गेले. बावन्न परकी माणसं तिचा हात धरून गेली. नवरा गेला तेव्हा ती पलंगापासून चार हात लांब उभी होती.