प्लगचे आटे

धानोऱ्याला नर्स होते तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे एक मोपेड होती, माझ्या पगारातून घेतलेली. मागच्या कॅरियरला लशीचा डबा बांधायचा आणि जंगलातल्या गावांना निघायचं, हे माझं काम. घरात मात्र ती सगळ्यांची गाडी होती. त्यातल्या त्यात माझ्या मोठ्या दिरांची. ते आमच्यातच राहत. न विचारता गाडी नेत, टाकी कोरडी करून आणून उभी करत. मी धुसफुसत असे, पण नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडायची आमच्या घरात रीत नव्हती.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. त्या दिवसांत बाया पहाटेच जंगलात जातात, उन्हाच्या आत पत्ता तोडून आणतात. वर्षाची कमाई त्या थोड्या दिवसांत व्हायची असते. तरी एका गावातल्या बायांनी माझ्या शब्दावर सकाळचा पत्ता सोडला होता. लेकरांना गोवराची लस द्यायची होती. मी सकाळीच पोचते म्हणून सांगितलं होतं.

चढावर गाडीचा आवाज एकदम फाटला. फट्ट झालं आणि इंजिन बंद. खाली वाकून बघते तर इंजिनाचा स्पार्क प्लग जागेवरून उडून वायरीला लोंबत होता. पदरात धरून परत बसवायला गेले, तर नुसताच गरगर फिरला. ज्या आट्यांत तो घट्ट बसतो ते आतले आटेच उरले नव्हते. प्लग डोळ्यांजवळ आणला. त्याला चंदेरी कागदाचे तुकडे चिकटले होते. सिगरेटच्या पाकिटातला कागद.

आमच्या घरात सिगरेट एकच माणूस ओढत होता.

तिथेच, रस्त्याच्या कडेला, मला सगळं कळलं. आदल्या दिवशी गाडी त्यांनीच नेली होती. प्लग खोलला, बसवताना तिरपा लागला, तरी पाना लावून जोर केला. मऊ धातू, आटे कापले गेले. मग प्लगला कागद गुंडाळून आत दाबला, गाडी अंगणात आणून लावली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. सकाळी मी निघाले तेव्हा ते ओसरीवर चहा पीत बसले होते. मला जाताना बघत होते!

गाडी एका मोहाच्या झाडाखाली टाकली, डबा खांद्याला अडकवला आणि चालत निघाले. गावात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाया वाट बघून जंगलात निघून गेल्या होत्या, लेकरं पाठीला बांधून. दोघीतिघी काय त्या होत्या. त्यातली एक माझ्यावर उसळली, "तुमच्यासाठी आमी सकाळचा पत्ता सोडला, अन् तुमी आता येऊन राह्यल्या, बाई?"

तिला काय सांगणार? होत्या तेवढ्या लेकरांना लस दिली. येताना पत्त्याच्या ट्रकवाल्याला विनवून गाडी घरी आणली.

दीर जेवत होते. मी हात न धुताच समोर उभी राहिले.

"भाऊजी, प्लग तुमी खोलला होता का?"

"खोलला. साफ केला. काऊन?"

"आटे गेले त्याचे. तुमी कागद लावून बसवला अन् मले सांगतलं नाई."

त्यांनी घास चावून गिळला. "चालून राह्यली होती ना गाडी? बाईच्या हातात गाडी म्हणजे असंच होते."

नवरा शेजारीच होता. "जाऊ दे ना," तो मला म्हणाला. "मोठा हाय तो."

रागानं माझे कान तापले. त्याला म्हटलं, गडचिरोलीला जाऊन दुरुस्त करून आण. तो आज, उद्या करत राहिला. शेवटी गावातल्या मेकॅनिककडून इंजिनाचं हेड, ज्यात प्लग बसतो तो भाग, खोलून घेतलं, जुन्या लुगड्यात बांधलं आणि एसटीत मांडीवर घेऊन मीच गेले.

तिथे लेथ मशीनवर धातू कातणाऱ्या चाचांनी हेड उलटसुलट केलं आणि माझ्या मागे बघितलं. "घरचा माणूस नाई आला?"

"माणसानंच तोडलं हाय ते," मी म्हटलं.

ते मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्याचाही मला राग आला. त्यांनी प्लगचं भोक मोठं केलं, त्यात नवे आटे पाडले. मग आतून-बाहेरून आटे असलेला एक पितळी बुश तयार केला. तो सैल झाला. शिवी हासडून त्यांनी तो फेकला, जेवायला निघून गेले आणि मी लोखंडाच्या किसात स्टुलावर बसून राहिले. दुसरा बुश गच्च बसला.

"प्लग पयले हातानं फिरवाचा," ते म्हणाले. "हातानं नाई गेला तर काढून पुन्हा लावाचा. पाना आखरीले."

एवढंच! एवढंच करायचं होतं त्या धडधाकट माणसाला.

गावातल्या मेकॅनिकनं हेड परत बसवलं, गाडी सुरू झाली. त्या गावात मी पुन्हा गेले. बऱ्याच जणी आल्या, पण काही बाया माहेरी नाहीतर दुसरीकडे कामाला गेलेल्या. त्यांच्या लेकरांना कुणी लस दिली की नाही, मला कधीच कळलं नाही. ते आठवलं की आजही माझा जीव जळतो.

मग एक दिवस घरी पाहुणे बसलेले असताना दिरांनी माझ्यापुढे हात केला. "चावी दे."

"नाई."

त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. "गाडीची चावी."

"देत नाई. यापुढे कधीच देणार नाई."

पाहुण्यांच्या बशा हातातच राहिल्या. रात्री नवरा म्हणाला, माफी माग. मी मागितली नाही. "एका प्लगपायी घर तोडशील का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, हा प्रश्न तू भावाला काऊन विचारत नाई? तो कुशीवर वळला.

दिरांनी पुढे स्वतःची मोटारसायकल घेतली. माझी बदली होईपर्यंत आम्ही एकाच घरात राहिलो. मी पुढच्या दारानं निघायची, ते मागच्या.