आधी चव, मग देव

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे भिंतीला टेकून उभे असायचे. इतरांच्या घरी त्या जागी धान्याच्या गोण्या असत. आई-वडील चळवळीतले. बाजारात वाटलेलं पत्रकच तहसील कचेरीसमोर वाटायचं, हा घरचा नियम होता. माणूस बघून मजकूर बदलतो तो व्यापारी नाहीतर पुढारी, असं वडील म्हणत.

त्यामुळे तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यात, आमचूर करणाऱ्या बायकांच्या गटासाठी व्हिडिओ करायचं ठरलं, तेव्हा शहाद्याचा स्टुडिओवाला मला पहिल्या भेटीतच खटकला. लग्नाचं शूटिंग करता करता तो रीलकडे वळला होता. मजकूर माझा आणि कॅमेरा त्याचा, अशी वाटणी होती. एका शूटिंगमधून तीन व्हिडिओ काढायचे, असं त्याचं म्हणणं. निवृत्त मास्तर रोज सकाळी एकमेकांना फुलं पाठवतात त्या ॲपवर संथ व्हिडिओ, खाली मोठी अक्षरं. कृती शोधणाऱ्यांसाठी सोलण्यापासून वाळवण्यापर्यंत सगळं. आणि रीलसाठी पहिल्याच क्षणी अंगठा थांबेल असं काहीतरी. एकाच गोष्टीला तीन तोंडं कशाला, असं मी विचारलं तर तो हसला.

"ताई, तुन्हं पत्रक लोके घडी करीसन खिशात ठेवतस. रील कोणी खिशात ठेवस का? तठे पह्यले चव दखाडनी पडस."

मी वाद घातला नाही, पण या माणसावर नजर ठेवायची हे ठरवून टाकलं. त्याने सुचवलेले ‘जंगलाचं गुपित’, ‘आदिवासी जादू’ असले शब्द मी एकेक करून खोडले. खोटं शिरलं तर शब्दांतूनच शिरेल, अशी माझी समजूत होती.

त्या पाड्यात नवी कैरी आधी देवाला दाखवतात. प्रत्येक घर आपापल्या झाडाखाली. तोवर कुणी तिला दात लावत नाही, ती चटणीतही पडत नाही. गटाची प्रमुख असलेल्या मावशीने झाडाखालच्या दगडापाशी कैरी ठेवली, हात जोडले, मग ती चिरून मीठ-मिरची लावली आणि पहिली फोड तोंडात टाकली. आंबटपणाने तिचा एक डोळा मिटला. तिथे मी, गटातल्या बायका आणि स्टुडिओवाला एवढेच होतो. बाकीचा पाडा आपापल्या झाडाखाली.

संथ व्हिडिओ त्याने मला दाखवला. तो बरोबर होता, आधी देव आणि मग फोड. रील मात्र त्याने दुकानात बसून परस्पर टाकली. सुरुवातीलाच तो मिटलेला डोळा. मग सोलणं, चिरणं, खडकावर पसरलेल्या फोडी. देवाचा दगड आणि जोडलेले हात शेवटी, कारण शेवट शांत हवा असं त्याला वाटलं.

रील चालली. पुण्या-नाशिकच्या लोकांनी आमचूर कुठे मिळेल म्हणून विचारलं. पण ती सुरतेकडेही पोहोचली, आणि तिथे पाड्यातली तरुण माणसं बांधकामावर होती. त्यांना झाड ओळखू आलं, मावशी ओळखू आली. मावशीने आधी खाल्लं आणि मग देवाला दाखवलं, असा फोन गावी आला. त्याच आठवड्यात वादळी वारा सुटला आणि कैऱ्यांचा सडा पडला.

मी वर गेले तेव्हा खडकावर मावशीच्या फोडी एकीकडे वाळत होत्या, बाकीच्यांच्या दुसरीकडे. गटातल्या बायकासुद्धा तिच्या शेजारी बसत नव्हत्या. तिने मला फक्त सांगितलं की वारा तिच्या नावावर लागलाय. माझ्या वडिलांचं सगळ्यात जुनं पत्रक बाईला डाकीण ठरवण्याच्या विरोधात होतं. तसं ठरवण्याची सुरुवात अशाच कुजबुजीने होते, आणि शेवटी ती बाई गावात राहत नाही.

मी तो संथ व्हिडिओ घेऊन गावच्या पुजाऱ्याकडे, पाड्यात ज्याला पुजारा म्हणतात त्याच्याकडे, गेले. त्याने तो नीट पाहिला आणि विचारलं, "तो कापलेला होता, मग हा कापलेला नाही कशावरून?" त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. बायकांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली, तर आमचूर त्यांचाही विकला जातो, असं कुणीतरी म्हणालं.

मग मी स्टुडिओवाल्याला वर यायला भाग पाडलं. लोक मारतील म्हणून तो टाळत होता. तू आला नाहीस तर तुझ्यावरच पत्रक काढीन, असं मी म्हटल्यावर आला.

पाड्यातली माणसं जमली होती. पुजाऱ्यासमोर मोहाची दारू होती. त्याने रीतीप्रमाणे आधी दोन थेंब धरतीला वाहिले आणि मग प्याला. स्टुडिओवाल्याने विचारून ते शूट केलं, फोनवर अंगठा दोन-तीनदा फिरवला आणि फोन पुजाऱ्याच्या हातात दिला. पडद्यावर पुजारा आधी प्याला आणि उरलेले थेंब मग धरतीवर पडले.

पुजाऱ्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग मागून एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "आता वारा सुटला तर तुझ्या नावावर." सगळे हसले. पुजारा हसला नाही. त्याने स्टुडिओवाल्याला स्वतःचं ते शूटिंग तिथल्या तिथे पुसायला लावलं आणि पुसलं गेल्याची तीनदा खात्री करून घेतली.

रील काढून टाकायला रेंज हवी, म्हणून सगळे टेकाडावर चढलो. स्टुडिओवाल्याने ती काढून टाकली. मावशीने विचारलं, सगळ्यांच्या फोनमधून गेली का? तो हो म्हणाला.

"नाही मावशी," मी म्हटलं. "ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांच्याकडे राहणार."

तिने माझाच फोन मागून घेतला, सुरतेला बांधकामावर असलेल्या आपल्या भाच्याला लावला, आणि पुजाऱ्याच्या हातात दिला. त्याला नाही म्हणता आलं नाही. तो पावरी बोलीत बोलू लागला, आधी देव, मग फोड, हे त्याने सावकाश दोनदा सांगितलं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. पुजारा म्हणाला की त्याने ते स्वतः पाहिलंय.

त्याने पाहिलेलं नव्हतं, तेव्हा तो आपल्या झाडाखाली होता. मावशीला ते ठाऊक होतं आणि मलाही. मी तोंड उघडलं नाही. तिने फोन परत दिला आणि फोडी उलटायला खाली निघाली. गटातली एक बाई तिच्या मागोमाग गेली.