दोन काठांची मंडळी

सीना नदीच्या दोन काठांवर आम्हा ख्रिस्ती लोकांची एकच मंडळी होती. देऊळ अलीकडं आमच्या गावात आणि दफनभूमी पलीकडच्या गावात. आमचा काठ काळ्या मातीचा, पावसाळ्यात फुगणारा. पलीकडं मुरमाड माळ. म्हणून जुन्या लोकांनी तसं ठरवलेलं. दर रविवारी तिकडची माणसं धोतरं खोचून नदी ओलांडायची, उपासनेला यायची. आमच्यातलं कुणी गेलं की आम्ही तिकडं जायचो.

मग पंच कुणी व्हायचं यावरून जुंपली. तिकडच्यांनी पत्र्याचं वेगळं देऊळ घातलं आणि मंडळी फुटली. जुनं देऊळ आम्हाला राहिलं, मेलेले त्यांच्याकडं गेले. त्यात माझे वडीलही होते.

आईचं एकच मागणं होतं, मला त्यांच्या शेजारी ठेवा. दुष्काळाच्या साली ती गेली. मला सोलापुरात शुक्रवार पेठेत दिलेली. निरोप आला तशी एसटीनं गावी पोचले. आईला घेऊन आम्ही निघालो. नदी ठणठणीत कोरडी. आडवं यायला पाणीसुद्धा नव्हतं, पण माणसं आली! पलीकडच्या काठावर त्यांचे पंच उभे, आणि सगळ्यांच्या पुढं कोण? माझा सख्खा मामा.

"तुमची मंडळी आता येगळी. माती तुमच्या हद्दीत करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, बहीण हाय की तुजी!" मी ओरडले. त्यानं मान फिरवली. कसली मंडळी नि कसलं काय! प्रभुभोजनाला एकाच पेल्याला तोंड लावलेली माणसं ही. आमच्या पाळकांनी हात जोडले, तरी कुणी हललं नाही. ऊन चढत होतं. आईला तसंच किती वेळ ठेवणार? परत फिरलो आणि आमच्याच काळ्या मातीत, बांधाच्या कडेला तिला एकटीला ठेवली.

संध्याकाळी मामा दारात. डोक्यावर टोपलं, त्यात भाकरी आणि पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी आणून भरवायचं, त्याला कडू घास म्हणतात.

"भाकरीला हद्द न्हाय व्हय, मामा?"

"पंचांत माझ्या एकट्याचं चालत न्हाय, बाई," म्हणाला आणि रडायला लागला. खोटं नव्हतं रडणं, त्याचाच जास्त संताप आला. रडतच त्यानं तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरला.

"आईला तिकडं ने," मी म्हणाले, "मग खाते."

मामानं तुकडा टोपल्यात परत ठेवला, टोपलं उचललं आणि नदी उतरून गेला.