फाइलीची पहिली ओळ

सोलापुरात आमची छोटीशी कंपनी आहे. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. मी तिथला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर, आणि स्वभावाने जरा तिखटच. दुसऱ्याच्या कोडला नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हणून मालकांनी कोड तपासणारं टूल आणलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. आपण लिहिलेलं ते वाचून काढतं. जिथे गुंता फार झालाय, तेच ते पुन्हा लिहिलंय, तो भाग नव्याने लिहायला हवा म्हणून लाल करून दाखवतं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. जास्त लाल ती फाइल वर, अशी टूलची यादी; त्यात सगळ्यात वर माझीच फाइल, उसाच्या वजनाची. दर हंगामात कारखान्याचा फोन यायचा आणि मी घाईघाईत एक ठिगळ लावायचो. आता ती ठिगळं ऑफिसातले सगळे बघणार, या विचारानेच घाम फुटला. मी फाइलीत सगळ्यात वर एक ओळ घातली: ही फाइल तपासू नये. टूलने ऐकलं. माझी फाइल यादीतून गेली आणि तिच्या जागी आली आमच्याकडच्या नव्या मुलीची. अक्कलकोटहून रोज एसटीने येणारी. तिला कायम करायचं की नाही हे त्याच महिन्यात ठरायचं होतं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, तसं वागलो मी.

मालकांनी यादी सगळ्यांसमोर पडद्यावर लावली. "सरांचं बघ, एक लाल खूण नाही," ते तिला म्हणाले. "त्यांची फाइल उघड आणि शीक जरा. हे साफ झाल्याशिवाय कायम व्हायचं नाव काढू नकोस." माझे कान तापले.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, हे तर माझ्यापेक्षा लई गुंतलेलं हाय की." मग जरा घुटमळून म्हणाली, "वरची ही ओळ मी पण लिहू का?"

आवाजात टोमणा नव्हता. शिकायचं ते हेच, असं तिला खरंच वाटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको," मी म्हणालो. तिच्यादेखत ती ओळ पुसली, टूल पुन्हा चालवलं आणि मालकांना बोलावलं. माझी फाइल परत सगळ्यात वर, लालभडक. "मीच लपवली होती," मी सांगितलं.

मालक हसले. "अहो सर, तुमचं चालायचंच. तुमच्या जिवावर तर धंदा चाललाय." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू मात्र शनिवारपर्यंत साफ कर. नाहीतर दुसरीकडे बघ."

मी काही बोलेन म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसातल्या चहाच्या पोराला हाक मारून चहा मागवला.