डब्यातला बाळकृष्ण

माझी मुलगी स्कीच्या शर्यतीत उतरायची तेव्हा मी खाली, शेवटच्या रेषेपाशी, डोळे मिटून उभी राहायचे. बाकीच्या आया गायीच्या गळ्यातल्या असतात तसल्या घंटा वाजवायच्या, बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. मी जाकिटाच्या खिशात मुठी आवळून स्पीकरकडे कान लावायचे. तिचं नाव ऐकू आलं, पाठोपाठ वेळ ऐकू आली, की मगच डोळे उघडायचे. इतकी वर्षं शर्यतींना गेले, पण तिची एकही शर्यत मी धड पाहिली नव्हती.

हे सगळं नवऱ्याचं काम. आम्ही पुण्याहून या परदेशातल्या बर्फाळ गावी, कनाटाला आलो तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी त्याला सांगितलं की इथे सुखानं राहायचं असेल तर थंडीशी दोस्ती करा. पुण्यात दिवाळीच्या आधीच मफलर काढणारा हा माणूस दर शनिवारी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन टेकडीवर जायला लागला. स्वतः दोनदा आपटला आणि कॅफेटेरियात जाऊन बसला तो कायमचा. ती मात्र खाली आली की लगेच परत वर जायची. तिला भीती म्हणून वाटतच नाही, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. मला ते ऐकूनच धडकी भरायची. ज्या मुलीला भीती वाटत नाही तिला सांभाळणार कोण?

ती सतरा वर्षांची झाली तोवर प्रकरण सुपर-जी नावाच्या सुसाट शर्यतीपर्यंत पोचलं होतं. या शर्यतीत एकच फेरी असते आणि सराव अजिबात नसतो. सकाळी मुली फाटकांच्या, म्हणजे वाट आखायला रोवलेल्या काठ्यांच्या जोड्यांच्या कडेकडेनं हळूहळू घसरत जातात, वळणं पाठ करतात, आणि मग थेट शर्यत. हायवेवर आमची गाडी जाते त्या वेगानं, अंगात रात्रीच्या कपड्यांहून पातळ सूट घालून. गाडीला निदान पत्रा असतो.

त्या वर्षीची शेवटची शर्यत मार्चमध्ये, क्वेबेकमधल्या एका डोंगरावर होती. राष्ट्रीय संघाच्या तरुण मुलींच्या गटात एकच जागा उरली होती आणि निवड करणारे प्रशिक्षक स्वतः येणार होते. जागा कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. पश्चिमेकडच्या मोठ्या पहाडांत वाढलेली एक मुलगी होती, वर्षभर पहिल्या तिघींत येणारी. आमची एक्केचाळिसावी सुटणार होती. पुढच्या मुली गेल्या की बर्फात चाकोऱ्या पडतात आणि मागच्यांच्या वाट्याला तो खणलेला रस्ता येतो. म्हणजे जिंकण्याची आशा नाही आणि पडण्याची पुरेपूर सोय. त्यातून निवड झालीच, तर ती घर सोडून पश्चिमेला जाणार, याहून उंच डोंगर, याहून जास्त वेग. नाही झाली तर तिचा चेहरा मला बघवणार नव्हता. दोन्हीकडून मरण माझंच.

आमच्या माहेरी जीव टांगणीला लागला की देव पाण्यात ठेवतात. देव्हाऱ्यातले देव उचलायचे, पाण्यानं भरलेल्या भांड्यात ठेवायचे आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत. नागपूरला माझी आई आमच्या बोर्डाच्या निकालापर्यंत ठेवायची. आम्ही इकडे बुडत असताना त्यांनी तरी कोरडं का बसावं, असा तिचा रोखठोक कारभार. मीही नवऱ्याच्या कंपनीत ले-ऑफ चालू होते तेव्हा कनाटाच्या किचनमध्ये देव पाण्यात ठेवले होते. नोकरी राहिली. त्यामुळे माझा विश्वास पक्का.

या वेळी अडचण अशी, की आम्ही जाणार क्वेबेकला, मग पाणी रोज बदलणार कोण? म्हणून एकटा बाळकृष्ण बरोबर घेतला. अंगठ्याएवढा, पितळी, रांगणारा. त्याला फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाण्यात ठेवला आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

"धडधाकट खाली येऊ दे, बस एवढंच मागितलंय," मी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, जिंकू दे असंही म्हण ना. तेवढ्याच पाण्यात होईल."

"एका वेळी एकच मागायचं असतं."

मागच्या सीटवरून मुलीनं हेडफोन काढला. "आई, इज ही ओके इन देअर? कॅन ही ब्रीद?"

"तू तुझं बघ," मी म्हटलं. ती हसली आणि पुन्हा हेडफोन लावला.

मोटेलवर पोचलो तेव्हा बोचरा वारा होता. स्की, बुटांच्या बॅगा, कूलर, माझा राइस कुकर, सगळं ओढत आत नेलं. आणि देव गाडीतच राहिला.

सकाळी मुलगी कोचच्या व्हॅनमधून पुढे गेली. आम्ही गाडीत बसलो तेव्हा पायाशी डबा दिसला. उचलला तर आतून काहीच हिंदकळलं नाही. झाकण फिरवून काढलं. पाण्याचा पार दगड झाला होता. आत बाळकृष्ण, लोणी धरलेला हात वर, आणि बर्फात त्याच्या अंगावरून थेट काठापर्यंत गेलेला एक पांढरा तडा.

आईनं इतक्या वेळा देव पाण्यात ठेवले, पण त्यांना असं गोठवून कुणी मारलं नव्हतं. नवऱ्यानं वाकून पाहिलं.

"बर्फ म्हणजे पाणीच की गं. टेक्निकली तो अजून पाण्यातच आहे."

इंजिनिअर माणूस. तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला मला.

डोंगराच्या पायथ्याशी कॅफेटेरियात गरम पाण्याचा नळ होता, पण देवाच्या अंगावर उकळतं पाणी कसं ओतणार? मी डबा जाकिटाच्या आत, पोटाशी धरला आणि चेन वर ओढून बाहेर जाऊन उभी राहिले. वर धुकं होतं. निम्मा डोंगर दिसतच नव्हता. त्या पांढऱ्यातून एकेक मुलगी सुसाट बाहेर पडत होती. पश्चिमेकडची मुलगी आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. निवड करणारे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. झालं, संपलं, असं मनात आलं आणि मला क्षणभर बरं वाटलं. आता फक्त पोरगी खाली आली की झालं.

मग चाळिसावी सुटली. तीही आमच्याच क्लबची. अर्ध्यावर आल्याचं स्पीकरनं सांगितलं आणि पुढे काहीच सांगितलं नाही. नंतर आवाज आला, "कोर्स होल्ड." म्हणजे कुणीतरी पडलंय, आता कुणाला सोडायचं नाही. माझ्या शेजारी त्या मुलीची आई उभी होती. तिच्या हातातली घंटा बर्फात पडली आणि ती चढावर धावत सुटली. माझी नाही, माझी नाही, माझी अजून वर आहे, एवढंच माझ्या डोक्यात. दुसऱ्याच्या लेकराच्या पडण्यानं मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची तिथल्या तिथे लाज वाटली. मी घंटा उचलली आणि ती धरून उभी राहिले. पोटाशी डबा इतका गार लागत होता की कातडी बधिर झाली.

बराच वेळ गेला. लाल जाळीच्या कडेनं स्लेज खाली आली, वर ब्लँकेटात गुंडाळलेली मुलगी. गुडघा गेला, असं कुणीतरी म्हणालं. आई तिचा हात धरून सोबत पळत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि म्हणूनच डोळे मिटायचे राहून गेले. मान वर केली तेव्हा धुकं पार उडालं होतं. डोंगर वरपासून खालपर्यंत लख्ख उन्हात होता आणि अगदी वर एक ठिपका निघाला होता.

ती माझी होती.

मी पहिल्यांदा पाहिलं ते. ती चाकोऱ्यांवरून धडधडत आली. एका वळणावर तिचा एक पाय हवेत गेला. हात बर्फाला टेकला, ती सावरली, पुन्हा वाकली. धुक्यात बाकीच्या जिथे बिचकल्या होत्या तिथे हिला सगळा रस्ता समोर दिसत होता. ती रेषेवरून गेली. फळ्यावर तिच्या नावापुढे हिरवा आकडा होता. पापणी लवेल एवढ्या फरकानं ती पहिली आली होती.

"अगं जिंकली! जिंकली ती!" नवरा शुद्ध मराठीत बोंबलत होता. मला फक्त दिसत होतं की ती दोन्ही पायांवर उभी आहे.

दुपारी निवड करणाऱ्यांपैकी एकानं येऊन आमच्याशी हात मिळवला. जागा तिला मिळाली होती. मे महिन्यात पश्चिमेला जायचं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मीही हसले आणि मनातल्या मनात मेपर्यंतचे आठवडे मोजले.

गाडीपाशी आलो तेव्हा मी डबा उघडला. बर्फ वितळला होता, एक लहानसा तुकडा तेवढा तरंगत होता. खाली बाळकृष्ण होता तसा. मागितलेलं मिळालं होतं. त्याला बाहेर काढायला मी बोटं पाण्यात घातली, तर मुलीनं माझं मनगट धरलं.

"डोन्ट. आई, लीव्ह हिम इन."

"अगं, झालं ना आता. आलीस की सुखरूप."

"ते तिला खाली नेत होते तेव्हा मी वर सुटायच्या गेटमध्ये उभी होते. आय कुड हिअर हर." तिनं माझं मनगट सोडलं नाही. "आय वॉज सो स्केअर्ड, आई. आय ऑल्वेज ॲम. एव्हरी टाइम."

नवरा डिकी उघडून तसाच उभा राहिला. आम्हा दोघांपैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

"मग कशाला जातेस गं?" मी विचारलं.

तिनं खांदे उडवले. "आय वॉन्ट टू गो."

मी झाकण फिरवून घट्ट लावलं. डबा रुमालानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"याला रात्री गाडीत विसरायचं नाही," मी म्हटलं.