वाढलेल्या वेगाची चौकशी

काही प्रकरणं फाईल बंद झाली की मनातूनही उतरतात. हे उतरलं नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी रस्त्याच्या कडेनं कुणी पळताना दिसलं की मी गाडी हळू करतो आणि चेहरा बघतो. नावं लिहिणार नाही. त्यातली काही माणसं अजून याच भागात राहतात.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भूकंपाला दशक उलटून गेलं होतं. पत्र्याच्या शेडमधली माणसं केव्हाच पुनर्वसनाच्या पक्क्या घरांत गेली होती आणि शहरात गल्लोगल्ली क्लासचे फलक लागले होते. डॉक्टर-इंजिनियर घडवणारे क्लास होतेच, त्यांच्या जोडीला भरतीच्या अ‍ॅकॅडम्या निघाल्या. सकाळी पोरांना पळवायचं, दुपारी गणित शिकवायचं. अशाच एका अ‍ॅकॅडमीतला एक तरुण अर्धमॅरेथॉनमध्ये अचानक चमकायला लागला. भूकंपात त्याचं अख्खं गाव जमीनदोस्त झालं होतं. आई गेली, चुलता गेला. बाप आणि तो, दोघंच उरले.

त्या गावांत मी नवा फौजदार असताना बंदोबस्ताला होतो. ढिगाऱ्यातून काय काय बाहेर काढलं ते इथं लिहीत नाही. पण म्हणूनच त्या मातीतला मुलगा राज्याच्या शर्यतीत पहिल्या रांगेत पळतो हे वाचून माझा ऊर भरून आला होता. पेपरातला त्याचा फोटो आमच्या ठाणे अंमलदारानं टेबलाच्या काचेखाली ठेवला, तेव्हा मी त्याला हटकलं नाही. राज्य संघात निवड झाली की खेळाडू कोट्यातून नोकरी पक्की होती. आम्हा सगळ्यांना ती त्याला मिळायला हवी होती.

अशात एक अर्ज आला. बिलोलीकडच्या एका पालकाचा. त्यांचा मुलगा निवडीत याच्या मागे राहिला होता. अर्जात लिहिलं होतं की वर्षभर जागची न हललेली वेळ एका हिवाळ्यात इतकी खाली येतेच कशी? अ‍ॅकॅडमीचा मास्तर मुलांना इंजेक्शन देतो, चौकशी व्हावी.

आमचे हवालदार अर्ज वाचून म्हणाले, "साहेब, जोरात पळणं बी गुन्हा झाला का आता? आपल्या ठाण्यात तर हळू पळणाऱ्यांवर कारवाई पायजे." असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं नाही, एवढा मान राखला.

उत्तेजक घेणं हा आमच्या कायद्यातला गुन्हा नव्हता, ते खेळाच्या संघटनेनं बघायचं. पण डॉक्टर नसताना कुणी पोरांना सुया टोचत असेल तर ते आमचं काम होतं. अर्ज चौकशीला घेतला आणि मास्तरांना बोलावलं.

मास्तर फौजेतून आलेले. ताठ बसले. त्यांची अ‍ॅकॅडमीतली खोली तपासली होती, तर मालिशचं तेल, फाटके बूट आणि केळीचे घड. "अर्धापूरची केळी अन् भिजवलेले हरभरे, साहेब. दुसरं काय सापडलं तर हातकडी घाला."

"मग पोरगं एवढं जोरात कसं पळायला लागलं?"

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "खरं सांगू का? मलाबी कोडं पडलंय. एवढं मी त्याला शिकवलंच न्हाई."

या वाक्यावर माझा संशय निम्मा गेला. इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय, लबाड माणूस न केलेल्या कामाचं श्रेयसुद्धा सोडत नाही. हा माणूस आयतं चालून आलेलं श्रेय परत करत होता. जबाब घेऊन त्यांना जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी खेळाडूला बोलावलं. सडपातळ, सावळा, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. चहा मागवला. धाकदपटशा करायची वेळच आली नाही. सुई घेतलीस का, असं विचारताच तो म्हणाला, "हाव, घेतली की. ताकदीची. आमच्या गावातल्या कंपाउंडरनं टोचली."

"मास्तरांनी आणली?"

"न्हाई साहेब, आबांनी. दवाखान्यातल्या डॉक्टरनं माझ्यासाठी दिली म्हणले."

आबा म्हणजे त्याचे वडील. मुलगा इतक्या सहज बोलत होता की मलाच अवघडल्यासारखं झालं. आमच्याकडे सुईशिवाय कुठलंच दुखणं बरं होत नाही. सर्दी झाली, सुई. अंग दुखलं, सुई. डॉक्टरनं नुसत्या गोळ्या दिल्या तर माणसं दुसरा डॉक्टर गाठतात. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

कंपाउंडरला उचलून आणलं. तो मात्र घाबरला होता. त्याच्याकडून एवढंच कळलं की आबा सुई थर्मासमध्ये बर्फ घालून आणायचे आणि हा टोचायचा. औषधाचं नाव त्याला वाचता आलं नव्हतं. रिकामी सुईही त्यानं ठेवली नव्हती.

उदगीरला मी आधी होतो. तिथं एका जुन्या मुस्लिम घराण्याचं औषधाचं दुकान आहे. त्या दुकानदार चाचांशी माझी चांगली ओळख. त्यांना फोन लावला.

"साहब, ताकद की सुई बरफ में कौन रखता है?" चाचा हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "ती रक्त वाढवायची सुई असंल. किडनीच्या पेशंटला देतात. रक्त वाढलं की दम वाढतो, मग चांगला माणूस घोड्यावानी पळंल. आमच्याकडं ती ठेवत न्हाईत. आधी ते बघा, त्याच्या घरात कोणी डायलिसिसवर हाय का."

मी फोन ठेवला आणि हवालदारांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "बाप हाय, साहेब. नांदेडला जातो एसटीनं. तिथं एका धर्मादाय दवाखान्यात फुकटात करतेत."

नांदेडला साध्या कपड्यांत गेलो. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि वैतागलेले होते. लांबून येणाऱ्या पेशंटना ते काही सुया गावातच टोचून घ्यायला सोबत द्यायचे. "बाकीच्यांचं रक्त वाढतंय, या एकाचंच उतरत चाललंय," ते म्हणाले. "मी औषधाची बॅच बदलून बघितली. मला वाटलं, सुयाच खराब निघाल्या." मी कारण सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. धडधाकट माणसानं ही सुई घेतली तर रक्त घट्ट होतं आणि पळता पळता हृदय बंद पडू शकतं, हे त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं.

आबा मशीनला लावलेले होते. चेहरा पिवळट, पायांवर सूज. मी स्टूल ओढून बसलो आणि ओळख सांगितली. त्यांना कळलं.

"चोरी न्हाई केली साहेब. माझ्या वाटची हुती, मी त्याला दिली."

"आबा, ती तुमच्या जगण्यासाठी होती."

त्यांनी नळीतून फिरणाऱ्या स्वतःच्या रक्ताकडे बघितलं. "आमचा थोरला भाऊ पैलवान हुता. घरात म्हशीचं दूध निघायचं ते त्याच्या तांब्यात. तूप त्याचं, बदाम त्याचे. मी धाकटा, मला बिनदुधाचा च्या. कुणी मला इच्यारलं न्हाई अन् मी रुसलो बी न्हाई. घरात एक पैलवान असला की बाकीच्यांनी आपल्या वाटचं सोडायचं, असंच असतंय. तो मैदान मारून यायचा तवा आमच्या सगळ्यांची छाती फुगायची. मास्तर म्हणले, पोराचं रक्त कमी पडून राहिलंय, खुराक वाढवा. आता म्हस न्हाई, गाव न्हाई, भाऊ न्हाई. माझ्याजवळ रक्ताची सुई हुती. तीच खुराक म्हणून दिली."

माझ्या खिशात पेन होतं. बाहेर काढवेना. डॉक्टरांनी सांगितलेलं मात्र त्यांना सांगणं भाग होतं. ते ऐकताना त्यांचा मोकळा हात चादरीवर काहीतरी शोधत राहिला. शेवटी म्हणाले, "म्हंजी मीच त्याला..."

मुलाला ठाण्यात न बोलावता मी पुनर्वसनातल्या त्याच्या घरी गेलो. दारात उभं राहून सगळं सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"मग आबा इतके दिवस काय घेत हुते?"

तो उंबऱ्यावर बसला. समोर सारख्या घरांची रांग होती, एकसारखे दरवाजे, एकसारख्या खिडक्या. रडला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः लातूरला खेळाच्या संघटनेकडे गेला आणि घडलेलं सांगून निवडीतून नाव काढून घेतलं. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. कुणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं. मीही नाही. खरं तर माझ्या मनात एक चोर होता, तो म्हणत होता की त्याला माहीत नव्हतं ना, मग राहू दे. पण पोरगं माझ्यापेक्षा सरळ निघालं.

कंपाउंडरवर कारवाई केली. मास्तरांवरचा आरोप खोटा ठरला, आणि तरीही अर्ज करणाऱ्या पालकाचा संशय खरा निघाला. बापानं स्वतःला मिळालेलं औषध मुलाला दिलं, यावर लावायला कलम मला सापडलं नाही. मी मनापासून शोधलंही नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवीन अधिकारी विचारतात. आमच्या प्रशिक्षणात सांगतात की गुन्ह्यात फायदा कुणाचा झाला ते बघा, धागा तिथून सापडतो. मीही तेच करत होतो. मास्तर, कंपाउंडर, अ‍ॅकॅडमी. त्या घरात कोण वाळत चाललंय हे बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी दारात उभा राहिलो असतो. पुढच्या नोकरीत मी हे विसरलो नाही.

मुलानं पळणं सोडलं. आबांना तेच सहन होईना. नांदेडहून मला त्यांचा निरोप आला, साहेब, त्याला पळायला सांगा. गाव गेल्यापास्नं मी दिसभर वाट बघायचो ती त्याच्या सकाळच्या पळण्याची. मी समजावायला गेलो तर पोरानं अट घातली, आबांनी माझ्या डोळ्यांदेखत सुई घ्यायची, मगच मी बूट घालणार. तसं चालू झालं. आता सुई दवाखान्यातली सिस्टर टोचायची आणि मुलगा शेजारी उभा असायचा.

आबा पुढं फार जगले नाहीत. मुलगा आज एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, संसारात आहे. पण मला पुन्हा पुन्हा हवीशी वाटते ती एक सकाळ. गावाजवळच्या रस्त्यावर एक साधी स्पर्धा होती. आबा खुर्ची टाकून कडेला बसले होते, मी शेजारी उभा होतो. पहिले निघून गेले. मधले गेले. मग तो आला, घामाघूम, दम लागलेला, आपल्या जुन्याच वेगानं. आबांनी हात वर केला. त्यानंही केला आणि पुढं गेला.

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. म्हटलं, "आबा, जरा मागं पडला आज."

"पडू द्या," ते म्हणाले. डोळे अजून रस्त्यावरच होते. "तवा जिंकला ना साहेब, तवा माझ्यासमोरून असा गेला की माझा मला वळखू आला न्हाई. आज वळखू आला."